शांत म्हणून नोंदलेला आवाज

मेहकर, ता. भालकी
९ जानेवारी २०२५

श्रीहरी,

पत्राच्या माथ्यावर देवाचं नाव घातलेलं नाही. वर्ष सरेपर्यंत घालणार नाही.

तू तेराव्याला आलास, पंगतीत वाढलंस, माझ्या पाया पडलास आणि संध्याकाळच्या बसनं गुलबर्ग्याला परत गेलास. मी स्वयंपाकघरात आले की तू अंगणात जात होतास आणि अंगणात आले की गोठ्यात. पाचवी ते सातवी तू या घरात राहून शिकलास. भाचा असलास तरी तुझं वागणं मला पोटच्या पोरासारखं कळतं.

फोन का करत नाही म्हणशील. तुझे मामा गेले त्या दिवसापासून फोन कानाला लावला की रुग्णवाहिकेच्या फोनवरची ती मुलगी ‘लाइनवर थांबा’ म्हणते असं वाटतं. मोबाइल कपाटात टाकला आहे. पस्तीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलं, ते आता तरी उपयोगी पडू दे.

त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. १८ डिसेंबर, दुपारचे तीन. तूर काढायला माणसं लावून ते शेतातून आले आणि खाटेवर बसले. पाणी दिलं तर तांब्या हातातून सुटला. अंगाला घाम, छातीवर हात. मी घड्याळ पाहिलं, तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. सवयच आहे ती. तुमच्या कंपनीच्या रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर तूच लिहून ठेवला होतास. मी लावला.

आपल्याकडच्या मराठी माणसाला अशा फोनवर कसं बोलावं लागतं ते तुला सांगायला नको. घरचं मोडकंतोडकं कन्नड बोललं की पलीकडचा ‘काय, काय’ करत बसतो. म्हणून मी धडा वाचावा तसं एकेक शब्द सोडवून बोलले. ‘नमस्कार. नानु मेहकर ग्रामदिंद मातनाडुत्तिद्देने. नन्न पतिगे एदे नोवु बंदिदे. दयविट्टु वाहन कळुहिसि.’ यजमानांच्या छातीत दुखतंय, कृपा करून गाडी पाठवा. नोकरीत लागल्यावर कन्नडची परीक्षा दिली होती, पहिली आले होते. ती मुलगी म्हणाली, गाडी निघेल, पेशंटला हलवू नका.

शेजारचा शिवशंकर टेम्पो घेऊन दारात उभा होता. म्हणाला, “बाई, टाकू की टेम्पोत, अर्ध्या तासात भालकी.” मीच नको म्हटलं. गाडीत ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो, शिवाय हलवू नका म्हणून सांगितलंय. शिवशंकर दोनदा विचारून गेला आणि दोनदा मी त्याला माघारी लावलं.

ते सव्वाचारला गेले. गाडी चार-चाळीसला आली. भालकीचे डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. सहज म्हणाले बिचारे, त्यांना काय ठाऊक मला काय झालं ते.

तू त्या कंपनीत मशीनला माणसांचे आवाज ओळखायला शिकवतोस. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो असंही तूच सांगितलं होतंस. मला एवढंच शोधून दे, गाडी कुठं अडकली आणि माझं बोलण्यात काय चुकलं. मेहकर नावाचं मोठं गाव बुलढाण्याकडंही आहे. मी ‘तालुका भालकी’ म्हटलं होतं की राहून गेलं? मला आठवत नाही. रोज आठवून बघते आणि रोज वेगळं आठवतं.

हे कळल्याशिवाय मला जगता यायचं नाही, श्रीहरी. रडण्याच्या भरात लिहीत नाही, शांतपणे लिहिते आहे.

तुझी आत्या,
नलिनी


कलबुर्गी
१६ जानेवारी २०२५

आदरणीय आत्यास,

तुझे पत्र मिळाले. वाचून अतिशय वाईट वाटले.

तू विचारल्याप्रमाणे मी कार्यालयात चौकशी केली. घटनेच्या वेळी भालकी तालुक्यातील वाहन मन्नाएखेळ्ळीजवळ महामार्गावर झालेल्या अपघाताच्या ठिकाणी गेले होते. त्यामुळे ते उपलब्ध होण्यास विलंब झाला. तू दिलेली माहिती पूर्ण व अचूक होती. गाव, तालुका, जिल्हा सर्व काही स्पष्ट सांगितलेले होते. तुझ्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. रेकॉर्डिंग नियमानुसार बाहेर देता येत नाही.

मामांचे आयुष्य तेवढेच होते असे समजून तू मन घट्ट करावेस. जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस. सुट्टी मिळताच मी येऊन जाईन. हवे असल्यास काही दिवस इकडे राहायला ये, घर मोठे आहे.

तुझा,
श्रीहरी


मेहकर
२४ जानेवारी २०२५

श्रीहरी,

सहावीत असताना तू शाळेच्या कपाटाची काच फोडली होतीस. मी सगळ्या वर्गाला काय घडलं ते लिहून द्यायला सांगितलं. बाकीच्यांनी ‘बाई, मी न्हाई’ म्हणून दोन ओळी खरडल्या. तू पानभर निबंध लिहिलास, त्यात काच ‘तडा जाऊन निखळली’ होती. तो निबंध वाचतानाच मला कळलं होतं. परवाचं तुझं पत्र वाचताना तोच निबंध पुन्हा हातात आल्यासारखा वाटला. ‘वाहन उपलब्ध होण्यास विलंब झाला.’ आत्याला असं कोण लिहितं रे?

तरी मी गप्प बसणार होते. मन्नाएखेळ्ळी कुठल्या कुठं आणि भालकीची गाडी तिकडं कशाला जाईल, हे मनात आलं होतं, पण म्हटलं असेल. शिवशंकरला राहवेना. तो भालकीला जाऊन गाडीच्या ड्रायव्हरला भेटून आला. रेवणसिद्धप्पा नाव त्याचं, चांगला माणूस आहे म्हणे, शिवशंकरला चहा पाजला. त्यानं सांगितलं, “चारला पाच मिन्टं होऊन गेल्यावर मला आर्डर आली. तवर मी दवाखान्याफुडं लिंबाखाली गाडी लावून बसून व्हतो. कुटं गेलो न्हाई, कुणी बलीवलं न्हाई.”

म्हणजे मी तीनला बोलले आणि त्याला चारनंतर कळलं. मधला तासभर माझे शब्द कुठं होते? तेवढा तास माझा माणूस जिवंत होता. मी त्यांचे पाय चोळत होते आणि आता येईल, आता येईल म्हणत होते.

तुला एक गोष्ट सांगते, कुणाला सांगू नको. रोज तीन वाजले की मी भिंतीवरच्या त्या नंबरासमोर उभी राहते आणि तेच बोलणं पुन्हा म्हणते. नमस्कार, नानु मेहकर ग्रामदिंद. कधी जोरात म्हणते, कधी हळू. पलीकडच्या अक्कम्मानं परवा खिडकीतून पाहिलं आणि आल्यागेल्याला सांगितलं की बाईंचं डोकं फिरायलंय. फिरत असेल. मी कुठल्या सुरात म्हटलं असतं तर गाडी आली असती एवढंच मला शोधायचं आहे.

तू मला वाचवायला खोटं लिहिलंस की स्वतःला, ते मला कळत नाही. तुझ्या मामांनी तुला सायकलवर पुढं बसवून भालकीला दंडावर इंजेक्शन घ्यायला नेलं होतं, तू वाटभर रडत होतास. त्यांची शपथ घालत नाही, गेलेल्या माणसाची शपथ घालू नये. नुसती आठवण करून देते.

आत्या


कलबुर्गी
३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

खोटं मी स्वतःला वाचवायला लिहिलं. तुला वाचवायला लिहिलं असं वाटून घेण्याचाही प्रयत्न केला, जमलं नाही.

आता खरं सांगतो. पूर्ण वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

गाड्या थोड्या आणि फोन फार. ‘छातीत दुखतंय’ असं दिवसाला शंभर जण सांगतात, त्यातल्या सत्तर जणांना पित्त झालेलं असतं. मग आधी कुणाकडं जायचं? कंपनीनं ठरवलं की आवाजावरून ओळखायचं. माणूस किती घाबरलाय, किती रडतोय, चिडलाय, हे मशीन पहिल्या वीस सेकंदांत ऐकतं आणि फोन घेणाऱ्या मुलीसमोर खूण येते. लाल म्हणजे लगेच. पिवळी म्हणजे नंतर. हिरवी म्हणजे माणूस शांत आहे, थांबू शकतो. तालुक्यात एकच गाडी उरली असेल तर ती लाल फोनसाठी राखून ठेवतात. हिरव्या फोनला कुणी नाहीच पाहिलं तर तासाभरानं आपोआप गाडी सुटते.

तुझा फोन हिरवा होता. शांत, शंभरात एक्क्याण्णव. रेवणसिद्धप्पाची गाडी लाल फोनची वाट बघत लिंबाखाली उभी राहिली. त्या तासात लाल फोन एकही आला नाही.

मशीनला शिकवायचं म्हणजे हजारो आवाज ऐकवायचे आणि प्रत्येकापुढं लिहायचं, हा राग, ही भीती, हे रडणं, हा शांत. सुरुवातीला ते मशीन आपल्याकडच्या सगळ्यांनाच रागावलेले म्हणायचं. आपलं बोलणंच तसं, ‘जेवलास का’ विचारतानाही भांडल्यासारखं. भालकी, औराद, बसवकल्याणचे फोन सगळे लाल यायला लागले. साहेब म्हणाले, तुझ्या गावचे लोक फार ओरडतात बुवा. मला लागलं ते. म्हटलं, आपल्या लोकांचे साधे आवाज आणून देतो.

पुढचं तुला आठवेल. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. मी माइक घेऊन आलो होतो. तू तुझे जुने विद्यार्थी, त्यांचे आईबाप असे बेचाळीस जण घराच्या ओसरीवर जमवलेस. सोजराबाई, शिवशंकर, भीमण्णा, सगळे. सगळ्यांनी मी आणलेला कन्नडमधला उतारा वाचला आणि तू छडी नसलेल्या हातानं ठेका धरून सांगत होतीस, हळू, एकेक शब्द तोडून, ओरडू नका. पहिला आवाज तुझाच होता.

माझ्या यादीत चार रकाने होते. शांत, राग, भीती, रडणं. शांत झाल्यावर मी म्हटलं, आता जरा घाबरल्यासारखं, रडल्यासारखं करून दाखवा. तू मला गप्प केलंस. म्हणालीस, “सणासुदीचं घरात खोटं रडू न्हाई. फुडं खरं रडावं लागतं.” मी ऐकलं. मलाही तसंच शिकवलं होतंस ना. भीती आणि रडणं मग बंगळुरूच्या नाटकवाल्या मुलांकडून करून घेतलं. ते छान रडले.

म्हणजे मशीनला आपल्या भागाचे बेचाळीस आवाज मिळाले आणि बेचाळीसही शांत. ते असं शिकलं की मराठी माणूस पुस्तकी कन्नडमध्ये एकेक शब्द सोडवून बोलत असेल तर त्याला काही झालेलं नाही. पुढं लेबलं मी माझ्या हातानं लिहिली होती.

तुझा फोन मी अजून ऐकलेला नाही. नुसता आकडा पाहिला. १९ डिसेंबरला, तुमच्याकडं अंत्यविधीला निघण्याआधी पाहिला. म्हणून तेराव्यालाही अंगणात पळत होतो.

श्रीहरी


मेहकर
२६ फेब्रुवारी २०२५

श्रीहरी,

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. चारदा उत्तर लिहिलं आणि चारदा चुलीत घातलं. पहिल्यात तुला शिव्या होत्या. दुसऱ्यात मला. तिसऱ्यात काय होतं ते आठवत नाही. चौथं फार चांगलं झालं होतं, म्हणून जाळलं.

म्हणजे मीच शिकवलं. बेचाळीस माणसांना मी ओसरीवर बसवून हळू बोलायला शिकवलं आणि वर माझा आवाज पहिला. दिवाळीत खोटं रडू दिलं नाही, कारण पुढं खरं रडावं लागतं. आता रडते आहे ते काय आहे मग?

तुला लेबलं लिहिताना एकदाही वाटलं नाही का रे, की आत्या कधी ओरडत नाही? तुझा बाप, माझा सख्खा भाऊ, गेला तेव्हा मी तार हातात घेऊन वर्गात गेले, पाढे म्हणून घेतले आणि घंटा झाल्यावर घरी आले. तू तेव्हा दुसऱ्या बाकावर होतास. तुला तुझा बाप गेलेला मी मधल्या सुट्टीपर्यंत कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी मी शांत होते काय? तू सगळ्यांत जवळून पाहिलं होतंस आणि तूच मशीनला सांगितलंस की हा आवाज शांत असतो.

मी आता काय करते आहे ते ऐक. त्या बेचाळीस जणांच्या घरी जाते. सांगते, गाडीला फोन करायची वेळ आली तर कन्नड बोलू नका, नीट बोलू नका, मराठीत ओरडा, छाती बडवा. लोक माझ्याकडं बघत राहतात. शिवशंकर खाली मान घालून म्हणाला, “बाई, तुमीच की शिकीवलं हळू बोलायचं.” सोजराबाईला मी समोर उभं करून तीनदा ओरडायला लावलं. तिच्या तोंडून आवाजच निघेना. शेवटी म्हणाली, “मला न्हाई जमायलं बाई. आतून आलं तरच वरडता येतंय. आन् आतून आलं की माझं तोंडच बंद पडतंय.” ती आत गेली आणि मी तिच्या उंबऱ्यात बसून राहिले. तिच्या नवऱ्याला दोनदा झटका येऊन गेलाय. तिसऱ्यांदा ती फोन करेल तेव्हा तुमची मुलगी तिला थांबा म्हणेल.

दोन गोष्टी कर. ते मशीन बंद कर. कसं करायचं ते तुझं तू बघ. नोकरी गेली तर जाऊ दे, उपाशी मरणार नाहीस, इथं तूर आहे.

दुसरं म्हणजे तो फोन ऐक. पहिले वीस सेकंद नाही, सगळा ऐक. आणि काय ऐकू आलं ते मला लिहून पाठव. नियम मला सांगू नको. मी तिथं उभी होते, पण माझं सगळं लक्ष कन्नडकडं होतं. त्या वेळी त्या खोलीत काय झालं ते मला माहीत नाही.

या दोन्ही गोष्टी होईपर्यंत घरी येऊ नको. आलास तर दार उघडीन, जेवायला वाढीन, पण तोंडाकडं बघणार नाही.

नलिनी


कलबुर्गी
१२ मार्च २०२५

आत्या,

मशीनचं आधी सांगतो.

साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, सगळ्या जिल्ह्यांची सरासरी बघ, गाडी पोहोचायचा वेळ कमी झालाय, एका फोनवरून काय ठरवतोस. मी म्हटलं, तो एक फोन माझ्या घरचा होता. त्यांना खरंच वाईट वाटलं. चहा मागवला. बदल मात्र पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

मग मी बसलो आणि आपल्या चार तालुक्यांतले हिरवे फोन एकेक करून काढले. चार दिवस-रात्र तेच केलं. असंच पुस्तकी कन्नड, असाच सावकाश आवाज. औरादच्या एका मास्तरांनी आईसाठी केलेला. भालकीजवळच्या एका मुलीनं स्वतःसाठी केलेला, नववा महिना भरलेली. ती वाचली, मास्तरांची आई नाही. असे अकरा फोन निघाले. अकरांची यादी लेखी करून मी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात दिली आणि खाली सही केली. कंपनीनं मला त्या दिवशीच घरी बसवलं.

सोमवारपासून आपल्या भागात मशीन बंद आहे. ज्याचा फोन आधी त्याच्याकडं गाडी आधी. कार्यालयानं अट घातली आहे, इथल्या माणसांच्या भीतीचे आणि रडण्याचे आवाज आत असल्याशिवाय ते पुन्हा सुरू करायचं नाही. ते आवाज मिळणार कुठून? मला अजून काढून टाकलेलं नाही ते एवढ्याचसाठी. मी तुला विचारणार नाही. विचारायचं तोंड नाही.

आता फोन.

सगळा एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा आहे. घरी बसवायच्या आधीच मी तो कलबुर्गीच्या ऑफिसात, कानाला हेडफोन लावून, जिना उतरताना जसा कठडा धरतो तसं टेबल धरून ऐकला. पहिल्या वीस सेकंदांत तू जे लिहिलंस तेच आहे, शब्दाला शब्द. फक्त त्यात ‘तालुका भालकी’ही आहे; ते तू एकूण दोनदा म्हटलंस, राहून गेलेलं नाही. त्याबद्दल पुन्हा आठवत बसू नकोस.

आवाज अगदी धडा वाचल्यासारखा आहे. मी मशीनचं काम शिकलेला माणूस आहे, मलाही त्यात काही सापडलं नाही. पुन्हा ऐकलं. मग लक्षात आलं, तू मध्ये श्वासच घेत नाहीस. चार वाक्यं एका दमात.

त्यानंतर ती मुलगी ‘लाइनवर थांबा’ म्हणते आणि तिकडं गाणं लागतं. गाणं सुरू असतानाही तुझ्याकडचं रेकॉर्ड होत राहतं. तू ‘सरी, सरी’, बरं, बरं, म्हणतेस. मग लांबून मामांचा आवाज येतो. खाट तुझ्यापासून पाच-सहा पावलांवर असेल ना? आवाज बारीक आहे, पण स्पष्ट आहे. सगळा गाव तुला बाई म्हणतो म्हणून ते चिडवायला म्हणायचे, तसंच म्हणाले.

“काय बाई, भ्यायलीस काय गं?”

तू उत्तर देत नाहीस. तू फोनमध्ये ‘हलो, हलो’ करतेस. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणतात.

“भिऊ नगं. हितं ये, बस.”

मग ती मुलगी परत येते आणि तू तिला पुन्हा सांगतेस, ग्राम मेहकर, तालुका भालकी, जिल्हा बीदर. ती ‘गाडी निघेल, पेशंटला हलवू नका’ म्हणते आणि फोन बंद होतो. एवढंच आहे.

हे लिहावं की लिहू नये याचा मी तीन दिवस विचार केला. तू जवळ जायला हवी होतीस असं मला म्हणायचं नाही. तू केलंस तेच कुणीही केलं असतं. पण मामांना कळलं होतं, आत्या. खाटेवर पडल्या पडल्या, तुझं ते परीक्षेतलं कन्नड ऐकून त्यांना कळलं होतं.

तुझा,
श्रीहरी


मेहकर
१९ मार्च २०२५

चि. श्रीहरी,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. पोस्टमन गेल्यावर दार लावून वाचलं. तीन वाजून गेले तरी भिंतीपाशी गेले नाही, तशीच खाटेवर बसून होते. त्यांच्या जागेवर. तिथून भिंतीवरचा तो नंबर खरंच सहा पावलं आहे, मी मोजली.

मी हा आवाज ऐकलाच नाही रे. जन्मभर वर्गात मागच्या बाकावरची कुजबूज ऐकली आणि हा ऐकला नाही. माझं मन पुढच्या वाक्याची विभक्ती जुळवत होतं. नंतर पाय चोळत बसले तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते बघत होते. मला वाटलं, बोलवत नाही. आता कळलं, त्यांनी विचारून झालं होतं.

तुला माफ केलं का, असं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. मला अजून ठाऊक नाही. अकरा माणसांची यादी सही करून दिलीस ते तुझ्या मामांना आवडलं असतं. एवढं आज लिहिता येतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ये. तुझा तो माइक घेऊन ये. बेचाळीस जणांना मी सांगितलं आहे, सोजराबाईसुद्धा येते म्हणाली. यंदा आपल्याकडं सण नाही, त्यामुळं घरात रडायला कुणाची हरकत नाही. खोटं मात्र कुणी रडणार नाही, त्याची गरज पडेलसं वाटत नाही. ज्याच्या त्याच्या घरी जे झालं ते तो सांगेल, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. आवाज चढला तर चढू दे, बसला तर बसू दे. मी ठेका धरणार नाही. आणि लेबलं तू एकट्यानं लिहायची नाहीत. ज्याचा आवाज त्याला विचारून लिहायची.

येताना तो फोनही घेऊन ये, नियमात बसत असो वा नसो. मला एकदा ऐकायचा आहे.

पहिला आवाज माझा घे. मी फार बोलणार नाही. त्यांनी विचारलेलं तसंच राहून गेलंय, तेवढ्याचं उत्तर देणार आहे, कन्नडमध्ये नाही, आपल्या बोलीत. खाटेपाशी माइक लाव आणि पुढं भीती म्हणून लिही.

“व्हय ओ. लई भ्यायलेय.”

तुझी आत्या